एकोणीस तारखेचं कार्ड

१

बुधवारी भर दुपारी दाराच्या फटीतून टपाल आत पडलं, त्यात ते कार्ड होतं. आणि त्या घटकेपासून नऊ वर्षांच्या फेन्नाची वाचा बसली.

रेन्स्के पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. आल्डेहोर्न गावातल्या त्या गल्लीत पडदे असतात ते नुसते शोभेला, ओढत कुणी नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला घर ह्या खिडकीतून त्या खिडकीपर्यंत आरपार दिसावं, आमच्याकडे झाकण्यासारखं काही नाही हे कळावं, अशी रीत. आज तीनेकेच्या घराचे पडदे मात्र टोकाला टोक लावून ओढलेले होते. 

"तिनंच ओढायला लावले," दार उघडता उघडता तीनेके म्हणाली. "बोलून नाही हो. बोट दाखवून. आता जिन्याखालच्या कपाटात बसलीय. मांजराला घेऊन."

तीनेके पंचावन्न वर्षांची विधवा. संकटातून काढलेली अकरा मुलं आजवर तिच्या घरी राहून गेली होती. असला पांढराफटक चेहरा तिचा रेन्स्केनं एकदाही पाहिला नव्हता. तिनं कार्ड टेबलावर ठेवलं, ते विस्तव ठेवावा तसं.

वर रंगीत झेंड्यांची माळ छापलेली. आत निळ्या शाईत, ओळख लागू नये म्हणून सुटी सुटी मोठी अक्षरं काढलेली:

"फेन्ना, १९ नोव्हेंबरला तुझा वाढदिवस. आम्हाला सगळं कळतं. गप्प बसणाऱ्या मुलीला केक मिळतो."

पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. पत्ता मात्र घरक्रमांकासकट अचूक होता.

रेन्स्के खुर्चीवर टेकली. पोलिसांत लहान मुलांचीच प्रकरणं बघता बघता तिची वीस वर्षं गेली होती, पण आवाज कधी चढला नव्हता. तीनेकेनं सवयीनं कॉफी आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. रेन्स्केनं कॉफी घेतली, डबा हळूच मागे सारला. ज्या मुलाचं सांगणं उद्यावर आलेलं असेल, त्याचं ते सांगून होईपर्यंत जिभेवर गोड ठेवायचं नाही, हा तिचा नेम होता. तो तिनं कुणाला सांगितलेला नव्हता, आणि कुणी विचारतही नसे.

उद्या सकाळी दहाला फेन्नाचं सांगणं नोंदवायचं होतं. चाळीस किलोमीटरवरच्या वीर्दम गावात मेनो नावाचा तरुण मुलांना बर्फावर स्केटिंग शिकवायचा. सगळ्यांचा लाडका. तो आपल्याशी काय करतो ते महिन्यापूर्वी फेन्नानं धीर करून शाळेतल्या बाईंना सांगितलं होतं. मेनो कोठडीत होता, त्याला भेटायला किंवा लिहायला कुणाला परवानगी नव्हती. फेन्ना उद्या बोलली नाही तर संध्याकाळी न्यायाधीश त्याला सोडणार होते, आणि शनिवारी सोळा मुलं पुन्हा त्याच्या हाताखाली बर्फावर उतरणार होती.

फेन्ना इथं आहे हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं. सांगायला नाव होतं सान्ने, तीनेकेच्या भाचीची मुलगी.

रेन्स्केनं फेन्नाच्या सरकारी पालकाला, बाउकेला, फोन लावला. त्यानं कार्डाचा मजकूर ऐकून घेतला.

"एकोणीस नोव्हेंबर?" तो म्हणाला. "रेन्स्के, फाईल माझ्या समोर आहे. त्या मुलीचा वाढदिवस तीन जूनला असतो."

२

"तीन जून?" तीनेके उभीच राहिली. "पण रविवारी जेवताना मी विचारलं तेव्हा तिनं स्वतःच्या तोंडानं एकोणीस नोव्हेंबर सांगितलं! मी म्हटलं, अगं बाई, दोन आठवड्यांवर आला की. बदामाचा केक करू म्हटलं."

"टेबलाशी कोण होतं?"

"ती, मी आणि मांजर."

घर एकाएकी थंड पडल्यासारखं वाटलं. जी तारीख जगातल्या कुठल्याच कागदावर नाही, जी रविवारी ह्या चार भिंतींत जन्माला आली, ती बुधवारी टपालातून परत आली होती.

रेन्स्के जिन्याखालच्या कपाटासमोर फरशीवर मांडी घालून बसली. दार बोटभर उघडं होतं. आत काळोखात आधी मांजराचे डोळे दिसले, मग मुलीचे.

"मी रेन्स्के. तू बोलायला नको. मी इथं बसते, एवढंच."

पाच मिनिटं गेली, दहा गेली. रेन्स्केच्या गुडघ्यांना रग लागली, पण ती हलली नाही. मग दाराच्या फटीतून एक खडूची पाटी बाहेर सरकली.

"तारीख तू नवी घेतलीस?" रेन्स्केनं विचारलं. "रागवायला नाही विचारत. मला आवडली."

पाटी आत गेली. खडू कुरकुरला. बाहेर आली.

"तीन जून त्याला माहीत आहे. म्हणून मी दुसरा घेतला. तो माझा एकटीचा होता."

 नऊ वर्षांच्या पोरीला लपायला जागा उरली नाही, म्हणून ती एका तारखेत जाऊन लपली होती. आणि तिथंही कुणीतरी दार ठोठावलं होतं.

पाटी पुन्हा आत गेली. ह्या वेळी बराच वेळ लागला.

"तो म्हणायचा तू कुठेही सांग, मला ऐकू येतं. खरं होतं."

आणि त्याखाली, बारीक अक्षरात:

"तो भिंतीत आहे."

३

भिंतीत माणूस नसतो हे रेन्स्केला कळत होतं. पण लेकराला कळत नव्हतं, आणि मोठ्यांनी "काहीतरीच काय" म्हटल्यानं भिंती रिकाम्या होत नाहीत. तिनं आपल्या कचेरीतले दोन जण बोलावले. त्यांनी दिव्यांची बटणं उघडली, टेबल उलटं केलं, फोन तपासले, खेळण्यांची पोटं चाचपली. तास दीड तास गेला. कुठं काही नाही.

ते गेल्यावर तिलाच धाकधूक वाटायला लागली. चोरून ऐकायचं यंत्र नाही, मग काय?

हात धुवायला ती दारालगतच्या संडासात गेली. उभं राहायलाही जेमतेम जागा. बोटभर धारेचा नळ, कागदाच्या गुंडाळ्यांची चवड, भिंतीवर नेहमीचं कॅलेंडर, दोरीला बांधलेली पेन्सिल. रेन्स्केची नजर वरच्या हवेच्या झरोक्यावर होती. तिथूनही आवाज जात नव्हता. ती बाहेर आली.

"रविवारपासून काल संध्याकाळपर्यंत घरात कोण कोण आलं?" तिनं विचारलं. "कार्ड आज आलं, म्हणजे उशिरात उशिरा काल पाचच्या आत पेटीत पडलंय."

तीनेकेनं बोटं मोजली. "सोमवारी सकाळी बाउके. दहा मिनिटं उभ्या उभ्या. दुपारी पाण्याचा बंब दुरुस्त करायला वीत्से. संध्याकाळी चर्चच्या मंडळीचे ज्येष्ठ, होकेमा. दर नोव्हेंबरात घरभेटीला येतात, प्रार्थना करून जातात. आणि शेजारची ख्रीत. ती काय, रोजचीच."

नाव काढायची खोटी, मागचं दार ढकलून ख्रीत स्वयंपाकघरात हजर. सत्तरीची, हातात वाटाण्याच्या दाट सुपाचं पातेलं.

"कोण गेलं गं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, ख्रीत."

"मग पडदे का? अख्खी गल्ली माझ्या दारात येऊन विचारतेय. तुझा नवरा गेला तेव्हासुद्धा तू एवढे ओढले नव्हतेस." मग तिची नजर रेन्स्केकडे वळली. "ह्या बाई कोण? विमावाल्या? चांगल्या माणसासारख्या दिसतात, म्हणून विचारलं."

रेन्स्केला एवढ्या भीतीतही हसू आलं. "आजी, तुम्ही ह्या घरात कुठपर्यंत येता?"

"कुठपर्यंत म्हणजे? ह्या खुर्चीपर्यंत. बावीस वर्षं मागच्या दारानं येते आणि मागच्या दारानं जाते. पुढच्या दारानं येतात ते चर्चचे पाळक, मंडळीचे ज्येष्ठ आणि वसुलीवाले. पुढची बाजू मी तिच्या लग्नात पाहिली, मग तिच्या नवऱ्याच्या मयतात."

"सान्नेचा वाढदिवस कधी असतो, माहितीय?"

"त्या घुमीचा? मला कोण सांगतंय! सांगितलं असतं तर मोजे विणायला घेतले नसते का?"

ख्रीत खरं बोलत होती. असल्या तोंडात गुपित राहिलंच नसतं.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली. कपाटाचं दार आतून धाडकन मिटलं. तीनेकेनं छातीवर हात ठेवला. दारात वीत्से बंबवाला उभा होता, हत्यारांची पेटी खांद्यावर, गाल थंडीनं लाल.

"बंब पुन्हा गळतो म्हणून निरोप होता! काय हो वहिनी, एवढा काळोख? विजेचं बिल थकलं की काय?" त्यानं बूट काढले आणि जाता जाता हसत हसत हाक दिली, "आणि त्या एकोणीस तारखेच्या पाहुणीला माझ्याकडून आत्ताच शुभेच्छा!"

४



रेन्स्के सावकाश त्याच्या आणि दाराच्या मधे येऊन उभी राहिली. "एकोणीस तारखेचं तुम्हाला कुणी सांगितलं?"

वीत्सेचं हसू ओघळलं. "का? चुकलं काही?"

"कुणी सांगितलं?"

"अहो, कुणी कशाला सांगायला हवं! तुमच्या संडासात लिहिलंय की!"

तीनेकेच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला, मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा.

दोघी एकदमच संडासाच्या दारात पोचल्या. नळ, कागदाची चवड, आणि भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर. प्रत्येक घरात असतं तसलंच. त्याला साल नसतं, वार नसतो. बारा पानं, नुसत्या तारखा, आणि तारखेपुढं नात्यागोत्यातली, शेजारपाजारची नावं. घरात एकदा टांगलं की पंचवीस वर्षं हलत नाही. ज्या जागी माणसाला दोन मिनिटं बसून भिंतीकडे बघण्यावाचून इलाज नसतो, तिथंच ते टांगायचं, म्हणजे कुणाच्या शुभेच्छा चुकत नाहीत. नोव्हेंबरचं पान वर होतं. एकोणीसपुढं, ताज्या पेन्सिलीनं, वळणं घेत काढलेलं नाव होतं: फेन्ना.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! रेन्स्केनं थोड्याच वेळापूर्वी ह्याच भिंतीसमोर उभं राहून झरोका न्याहाळला होता.

"मीच," तीनेके म्हणाली.  "मीच तिच्या हातात पेन्सिल दिली. घरातल्या सगळ्यांची नावं तिथं आहेत. आधीच्या अकराही मुलांची आहेत. तिचं नसतं तर ती घरची कशी? दाराला दोन कड्या लावल्या, सान्ने म्हणून हाक मारली, आणि नाव मात्र... माझ्या हातानं, रेन्स्के, माझ्या हातानं!"

"तुम्ही तिला घर दिलंत," रेन्स्के हळू म्हणाली. "पाप दुसऱ्या कुणाचं आहे. रडायचं ते नंतर. आता मला सांगा, सोमवारी इथं कोण कोण गेलं?"

"मी गेलो," मागून वीत्से म्हणाला. तो बिचारा टोपी पिळत उभा होता. "चोरी नाही केली. उलट सातवर माझं पण नाव टाकलंय. गंमत म्हणून. बघा."

खरंच, सात तारखेला "वीत्से, बंब" असं लिहिलेलं होतं. गुन्हा करायला आलेला माणूस भिंतीवर सही करून जात नाही.

रेन्स्के मनाशी बोलत राहिली, ओठ न हलवता. कार्ड लिहिणाऱ्याला एकोणीस ही तारीख खरी वाटली होती. खरी तारीख ठाऊक असलेल्यानं घाबरवायला तीन जूनच वापरलं असतं. म्हणजे बाउके नाही. आणखी एक: मुलांच्या कार्डावर हटकून आकडा असतो, आठ, नऊ, दहा. ह्या कार्डावर नव्हता, कारण पाठवणाऱ्याला वय ठाऊक नव्हतं, आणि कॅलेंडर साल सांगत नाही. ख्रीत मागच्या दाराची. वीत्सेला ते नाव लपवायचं आहे हेच माहीत नाही.

"होकेमा इथं गेले होते?"

तीनेकेनं डोळे पुसले. "कॉफी झाल्यावर. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला त्यांना. मला वाटलं, म्हातारं माणूस." ती थबकली. "रेन्स्के, तो देवमाणूस आहे. माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या घटकेला त्यानं त्याचा हात धरला होता. जाताना ह्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला त्यानं."

पोरीच्या डोक्यावर हात. रेन्स्केनं आपला कोट उचलला.

५

होकेमांचं घर चर्चच्या मागच्या अंगाला होतं. पाच वाजले होते, बाहेर दिवेलागण झाली होती. मोठ्या उजळ खिडकीत नवरा-बायको समोरासमोर बसलेले रस्त्यावरूनच दिसत होते. झाकण्यासारखं काही नाही.

"या, या." सीब्रन होकेमांनी खुर्ची दिली. पिकले केस, मऊ आवाज, शांत डोळे. त्यांची बायको आन्के बिस्किटांचा डबा घेऊन आली. रेन्स्केनं नम्रपणे नको म्हटलं.

"तीनेकेच्या घरी एक वाईट पत्र आलंय," ती म्हणाली. "सोमवारी तुम्ही तिथं होतात."

"होतो ना. पवित्र वचन वाचलं. ती छोटी, सान्ने, गुणी मुलगी आहे. काय, पत्र कसलं?"

"वीर्दमच्या मेनोबद्दल. स्केटिंग शिकवतो तो. तुमच्या ओळखीचा?"

"मेनो?" होकेमांनी कप बशीत ठेवला, जराही आवाज न होऊ देता. "वर्तमानपत्रात काहीतरी आलं होतं खरं. माझ्या ओळखीचा नाही. वीर्दम लांब पडतं."

त्यांच्या नजरेत चुळबुळ नव्हती. रेन्स्केच्या हातात पुरावा म्हणून काहीच नव्हतं. एक शंका, आणि घड्याळात उद्या सकाळचे दहा. आपण एका भल्या म्हाताऱ्यावर विनाकारण आळ घेतोय की काय, असंही तिला वाटून गेलं. तिनं मनात देवाला हाक मारली. उत्तर आलं ते अगदी साधं, घरगुती.

"तुमचा संडास वापरू का जरा?"

दाराला आतून कडी लावून ती वळली. होतंच तिथं. निळ्या दोऱ्याला लटकलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. नोव्हेंबरच्या पानावर ओळखीचं काही नव्हतं. तिनं एकेक पान उलटायला सुरुवात केली. पानांचा आवाज तिला वादळासारखा वाटत होता. मार्च. एप्रिल. ऑगस्ट. बाहेर पावलं आली, दाराशी थांबली.

"सापडली ना कडी?" होकेमांचा मऊ आवाज, अगदी फळीला लागून. "जरा अडकते."

"सापडली," रेन्स्के म्हणाली. जानेवारी. फेब्रुवारी.

अकरा फेब्रुवारीपुढं, बाईमाणसाच्या नीटस अक्षरात: "मेनो, वन्संचा." शेजारी स्केटिंगच्या बुटाचं एवढंसं चित्र.

तिनं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं, कडी काढली आणि त्यांच्यासमोरून चालत जाऊन ते टेबलावर ठेवलं, बिस्किटांच्या डब्याशेजारी.

 मग आन्के वाकली, चष्मा लावून बघितलं आणि नवऱ्याकडे वळली.

"अहो, ओळखीचा नाही म्हणालात? सख्ख्या बहिणीचा मुलगा तुमच्या ओळखीचा नाही?"

"आन्के, तू आत जा."

"कसलं पत्र आलंय त्यांच्याकडे?" आन्केनं रेन्स्केला विचारलं.

"वाढदिवसाचं कार्ड. झेंड्यांची माळ छापलेलं. नऊ वर्षांच्या मुलीला, तोंड उघडू नकोस म्हणून."

आन्के आत गेली. खण ओढल्याचा आवाज आला. परतली तेव्हा तिच्या हातात पाच कार्डांचं पुडकं होतं, वरचा कागद फाडलेलं. तिनं एकेक करून ती टेबलावर मांडली. चार होती. चारही झेंड्यांच्या माळेची.

"काल मला वाटलं, मीच कुणालातरी पाठवलं आणि विसरले," ती म्हणाली. "म्हातारी झाले म्हणून स्वतःलाच बोल लावत बसले. आणि तुम्ही समोर बसून सूप पीत होतात."

"तो पोरगा माझ्या मांडीवर वाढलाय!" होकेमांचा आवाज पहिल्यांदा चढला. "एका लेकराच्या दोन शब्दांनी त्याचा जन्म मातीत जाणार? नाव बहिणीनं सांगितलं होतं मला. भिंतीवर ते दिसलं तेव्हा वाटलं, देवानंच दाखवलं. मी तिच्या केसालाही धक्का लावला नाही. चार शब्द लिहिले फक्त."

"तिच्या डोक्यावर हात ठेवलात तुम्ही," रेन्स्के म्हणाली. "ते नाव वाचून आल्यावर. आणि देवाचं नाव घेतलंत."

 आन्के उठली आणि तिनं खिडकीचा पडदा ओढला. बहुधा त्या घरात पहिल्यांदाच.

६

होकेमांना गाडीत बसवून रेन्स्के परत आली तेव्हा सात वाजले होते. कपाटाचं दार मिटलेलं. बाहेर ताटलीत चॉकलेटचे दाणे घातलेला पाव तसाच वाळत होता.

माणूस सापडला होता. पण कपाटातल्या जिवाला त्याचा काय उपयोग? "सापडला हं बाळा" म्हटल्यानं भिंतीतला मेनो जात नाही. त्याला तिनंच हाकलायला हवं. रेन्स्के पुन्हा फरशीवर बसली.

"कार्ड कुणी लिहिलं ते कळलं, फेन्ना. मेनोनं नाही. सोमवारी प्रार्थनेला आलेल्या आजोबांनी. ते मेनोचे मामा निघाले. तू जे लिहिलंस ते त्यांनी संडासातल्या कॅलेंडरवर वाचलं. यंत्र नाही, भिंत नाही. ते आजोबा आता पोलिसांकडे आहेत, आणि आज रात्री तुमच्या दाराशी माझे दोघं जण पहारा देणार आहेत."

 पाटी आली. "मेनोनं त्यांना सांगितलं."

"मेनोला कुणाला भेटता येत नाही. पण माझं ऐकूनच खरं मानू नकोस. तूच विचार कर. मेनोला तुझा वाढदिवस कुठला माहीत आहे?"

खडू. "३ जून."

"आणि कार्डावर?"

खडू वाजला नाही. मांजर बाहेर आलं, रेन्स्केच्या मांडीवर चढून बसलं. स्वयंपाकघरात तीनेके श्वास रोखून उभी होती. रेन्स्केनं पुढं एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं. वाट बघणं हेच तिच्या धंद्यातलं निम्मं काम होतं, आणि आज ते कधी नव्हे एवढं जड जात होतं.

कपाटातून आवाज आला. घोगरा, वापरात नसलेला.

"त्याला ऐकू येत असतं तर..."

"हं?"

"तर त्याला कळलं असतं की एकोणीस खोटी आहे. त्यानं मामाला सांगितलं असतं, तीन जून लिहा." खडू फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. "त्याला ऐकू येत नाही."

"नाही येत."

"कधीच येत नव्हतं?"

"कधीच नाही, फेन्ना."

दार हातभर उघडलं. विस्कटलेले केस, खडूनं पांढरे झालेले गाल. ती बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली, जणू आत्ताच कुणी ती रिकामी करून दिली होती. मग तिनं विचारलं, "ते आजोबा संडासात बसून माझं नाव वाचत होते?"

"हो."

"चड्डी खाली करून?"

स्वयंपाकघरात तीनेकेच्या हातातून डाव पडला. फेन्नाच्या तोंडून काहीतरी फुटलं. आधी ते रडू वाटलं, मग ते हसू निघालं, आणि शेवटी दोन्ही एकदम. तीनेके धावत आली आणि कपाटासमोरच बसकण मारून तिला कुशीत घेण्याआधी थांबली, हात नुसते पुढे करून. फेन्ना आपण होऊन त्यांत शिरली.

"ते नाव मी खोडून टाकते हं," तीनेके तिच्या केसांत पुटपुटली. "चुकलं माझं."

"नको." फेन्नानं मान वर केली. "खोडू नकोस. माझं आहे ते."

७

गुरुवारी सकाळी रेन्स्केनं मेणबत्ती लावली, स्तोत्र वाचलं आणि साडेनऊला कचेरीतल्या त्या खोलीत येऊन बसली जिथून टीव्हीच्या पडद्यावर पलीकडची खोली दिसते. पलीकडे दोन मऊ खुर्च्या, एक गालिचा, खिडकीत एक झाड. प्रश्न विचारणारी बाई वेगळी होती. कार्डाविषयी तिला ठाऊक होतं, पण रेन्स्केनं तिला बजावलं होतं की काही सुचवायचं नाही, काही भरवायचं नाही. मूल जे सांगेल तेच, जसं सांगेल तसं.

दहाला पाच कमी असताना फेन्ना आली. दारात थांबली. तिनं चारी भिंती पाहिल्या, एकेक करून. मग एका भिंतीजवळ गेली आणि बोटाच्या पेरानं तिच्यावर टकटक केलं. 

फेन्ना वळली आणि खुर्चीत बसली. पाय जमिनीला पोचत नव्हते.

"इथं जे सांगशील ते नोंदवलं जाईल," ती बाई म्हणाली, "आणि शेजारच्या खोलीत माझ्याबरोबर काम करणारी माणसं ऐकतायत. हे मी तुला आधीच सांगते, म्हणजे ऐकणारं कोण ते तुला माहीत असावं."

"रेन्स्के ऐकतेय?"

"हो."

"बरं."

"सुरुवातीला सोपं काहीतरी विचारते. तुझं नाव काय, आणि तुझा वाढदिवस कधी असतो?"

रेन्स्केच्या हातातलं पेन थांबलं. हा प्रश्न प्रत्येक मुलाला पहिला विचारतात. त्याचं आज काय होईल, हे वीस वर्षांत पहिल्यांदाच तिच्या लक्षातून सुटलं होतं. पडद्यावरची मुलगी गप्प होती. घड्याळ टिकटिकत होतं. पाच सेकंद. दहा.

"माझं नाव फेन्ना," ती म्हणाली. "वाढदिवस दोन आहेत. एक खरा, तीन जूनचा. तो मेनोला माहीत आहे. दुसरा मी स्वतः घेतलाय, एकोणीस नोव्हेंबर. त्याला बदामाचा केक आहे." तिनं खुर्चीचे हात धरले, आणि तीनेकेनं विंचरून दिलेले केस कानामागे सारले. "आता त्या पहिल्या, तीन जूनच्या वाढदिवसाला काय झालं ते सांगू?"

"सांग," ती बाई म्हणाली. "मी ऐकतेय."

आणि फेन्ना सांगू लागली.